मूनवर लँडर आडवा होतो, रोव्हर कोलांटी मारतो: तपासणी कुठून सुरू करायची

हे कर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट बांधून उडवायच्या कॉम्प्युटर गेमच्या पहिल्या भागाबद्दल आहे. त्यात कर्बिन हा घरचा ग्रह, मून आणि मिनमस त्याचे चंद्र, डूना हा दुसरा ग्रह. लँडर म्हणजे उतरणारं यान, रोव्हर म्हणजे तिथे चालवायची गाडी. आवृत्ती १.१२ आणि मॉड (बाहेरून जोडलेले बदल) नसलेला साधा गेम धरून लिहिलंय.

कापूस शिगोशीग लादलेली बंडी पांदणीत का कलंडते, हे गावाकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ओझं उंच, चाकांतलं अंतर कमी आणि एक चाक धुऱ्यावर चढलेलं. मूनवरच्या लँडरचंही तेच होतं. पण एक गोष्ट बंडीला लागू नाही आणि बहुतेक जण तिथेच फसतात. मूनवर यानाचं वजन सहापट कमी होतं, वस्तुमान मात्र होतं तेवढंच राहतं. यानाला जमिनीशी धरून ठेवणारी ओढ कर्बिनच्या ०.१६६ पट उरते. वळताना बाहेर फेकणारा आणि टेकताना आडवा ढकलणारा झोक पुरेपूर तसाच. म्हणून धावपट्टीवर मजेत पळालेला रोव्हर तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर चाकं वर करतो, आणि बनवणारा चाकं बदलत बसतो. चाकांचा त्यात सहसा काही दोष नसतो.

लक्षणं

"उलटतो" या एका शब्दाखाली बरेच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. आपला कोणता ते आधी ओळखा. कंसातला आकडा खालच्या तपासणीचा आहे.

- रोव्हर डब्ल्यू दाबताच नाक जमिनीत खुपसतो, मागची चाकं हवेत (१)
- डावीकडे वळवला की उजवीकडे जातो, किंवा पुढचं-मागचं उलटं होतं (२)
- उतरताना शेवटच्या दहा-वीस मीटरवर यान आपणहून कलंडतं (३)
- लँडर टेकतो, दोन पाय उचलले जातात आणि पाच-सहा सेकंद घेत सावकाश आडवा होतो (३, ४, ७)
- उभा राहतो, पण काही तासांनी, बहुधा रात्री, पडलेला सापडतो (३, ४)
- टेकून चेंडूसारखा उडतो, किंवा उतारावर घसरतच राहतो (४, ५)
- वळताना बाजूवर, ब्रेक मारताना पुढून कोलांटी (५, ७)
- सरळ चालवताना एका अंगाला ओढतो, एखादं चाक फिरतच नाही (६)
- टाइम वॉर्प (वेळ पळवणं) सोडताच किंवा दुसरं यान जवळ येताच उभं यान उडी मारतं (८)

आधी चाचणीची सोय

दर वेळी रॉकेट उडवून मूनपर्यंत जायची गरज नाही. उतरण्याआधी, जमिनीपासून साधारण ५ किलोमीटरवर, एफ ५ दाबून क्विकसेव्ह करा. पडला की एफ ९ दाबून धरा आणि त्याच जागेवरून पुन्हा उतरा. प्रत्येक खेपेला एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या यानात पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, ती धास्तीही क्विकसेव्हने जाते.

रोव्हरसाठी याहून सोपं आहे. धावपट्टीवर आणून आल्ट आणि एफ १२ दाबा, चीट्समध्ये हॅक ग्रॅव्हिटी सुरू करा आणि काटा ०.१७ च्या आसपास ठेवा. मूनचं गुरुत्व घरबसल्या मिळालं. मिनमससाठी ०.०५, डूनासाठी ०.३. याला लबाडी समजू नका. खरे अभियंतेही कमी गुरुत्वाची नक्कल करूनच चाचणी घेतात. संपल्यावर मात्र बंद करायला विसरू नका.

१. डब्ल्यू कळ कुणाकुणाला हुकूम देते?

फुकटात होणारी ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा कामी येते. डब्ल्यू, एस, ए, डी या कळा चाकांनाही चालवतात आणि रिअ‍ॅक्शन व्हीललाही, म्हणजे आत फिरून यानाला जागेवर वळवणाऱ्या भागालाही. डब्ल्यू दाबली की चाकं पुढे जायला बघतात, आणि त्याच क्षणी रिअ‍ॅक्शन व्हील यानाचं नाक खाली दाबतं.

हिशेब बघा. दीड टनाचा रोव्हर, गुरुत्वमध्यापासून पुढची चाकं १.२ मीटरवर. कर्बिनवर त्याचं वजन १४.७ किलोन्यूटन, म्हणजे मागची चाकं उचलायला जवळपास १७.७ किलोन्यूटन-मीटर जोर हवा. सगळ्यात लहान इनलाइन रिअ‍ॅक्शन व्हील ५ चा जोर देतं, त्यामुळे धावपट्टीवर काहीच जाणवत नाही. मूनवर त्याच रोव्हरला २.९ पुरतो. पाचचा जोर लावल्यावर गाडी उठणारच. ट्रॅक्टरला जास्त भार ओढायला लावला की पुढची चाकं उचलतात, तसलाच प्रकार, फक्त इकडे टोक उलटं.

ओळखायचं कसं: रोव्हर उभा करून ब्रेक लावा, सगळ्या चाकांच्या मोटर बंद करा आणि डब्ल्यू हलकेच दाबा. नाक झुकलं तर गुन्हेगार सापडला.

उपाय: पॉड (बसायची कॅप्सूल), प्रोब कोर (माणसाविना यान चालवणारा भाग) आणि वेगळं बसवलेलं रिअ‍ॅक्शन व्हील, या प्रत्येकावर राइट क्लिक करून रिअ‍ॅक्शन व्हीलचा प्रकार "एसएएस ओन्ली" करा. मग कळांचा हुकूम फक्त चाकांना जातो, आणि उंचवट्यावरून उडालेली गाडी हवेत सरळ धरायला एसएएस (यान आपोआप स्थिर धरणारी यंत्रणा) उरतं. कुणी चाकांच्या कळा सेटिंगमधून नंबरपॅडवर नेतात. तेही उत्तम, पण बऱ्याच लॅपटॉपना नंबरपॅडच नसतो. तिसरी युक्ती म्हणजे डॉकिंग मोडमध्ये जाऊन लिनिअर ठेवणं आणि आरसीएस (यान सरकवणारे छोटे फवारे) बंद ठेवणं. चाकं चालतात, नाक खाली-वर होत नाही.

एसएएस कायम सुरू ठेवायचं का? सपाटीवर हो. खडबडीत जागी नको, कारण चढ लागला तरी ते आधीचा कोन धरून बसतं आणि दोन चाकं अधांतरी राहतात.

२. यानाचं "पुढे" कुठे आहे?

रोव्हर सपाट जागी उभा करा आणि नॅव्हबॉल (यानाचं तोंड कुठे आहे ते दाखवणारा गोळा) पाहा. क्षितिजाची रेघ मधोमध हवी, वर निळं, खाली तपकिरी. नॅव्हबॉल नुसता निळा दिसत असेल तर गेमच्या लेखी रोव्हरचं नाक आभाळाकडे आहे. प्रोब कोर रॉकेटमध्ये बसवतो तसा उभा बसवला की असं होतं. मग डावं-उजवं आणि पुढचं-मागचं यांचा घोळ होतो, आणि एसएएसही भलत्याच अक्षावर जोर लावतं.

पुढे तोंड करून असलेल्या डॉकिंग पोर्टवर किंवा दुसऱ्या कोरवर राइट क्लिक करून "कंट्रोल फ्रॉम हिअर" निवडा. काही पॉड-कोरवर कंट्रोल पॉइंट बदलायचा पर्यायही असतो. तेवढ्याने भागलं तर इतर कशाला हात लावू नका. एकेका चाकाचं स्टीअरिंग "इन्व्हर्ट" करत बसणं म्हणजे चुकीच्या दिशेवर चुकीचा उतारा. पुढे त्यातून बाहेर पडता येत नाही.

३. शेवटचे वीस मीटर

रेट्रोग्रेड धरून खाली येणं सोयीचं असतं, पण तेच शेवटी घात करतं. रेट्रोग्रेड म्हणजे वेगाच्या उलट दिशा. वेग जवळपास शून्यावर आला की ती दिशा क्षणाक्षणाला भिरभिरते. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) जरा जास्त झाला आणि यान एक क्षण जरी वर उचललं गेलं, तर रेट्रोग्रेडचं चिन्ह थेट जमिनीकडे जातं आणि एसएएस इमानदारीने यानाला उलटं करायला निघतं. पाहणाऱ्याला वाटतं लँडर वेडा झाला.

वेग ५ मी/सें. च्या खाली आला की रेट्रोग्रेड सोडून साध्या स्टॅबिलिटी असिस्टवर (आहे तो कोन धरणाऱ्या एसएएसवर) या. पायलट दुसऱ्या पातळीचा असेल तर रेडियल आउट वापरा. सरफेस मोडमध्ये ते नाक सरळ वर धरतं. नॅव्हबॉलच्या वर वेगाजवळ "सरफेस" लिहिलेलं हवं. "ऑर्बिट" असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकीचा.

आता आडवा वेग. गुरुत्वमध्य ४ मीटर उंच आणि सर्वांत जवळची पडायची कड १.४ मीटरवर, असा उभट लँडर धरा. पाय जमिनीत पूर्ण अडकले असं मानून ढोबळ हिशेब केला तर कर्बिनवर तो २.३ मी/सें. आडव्या वेगाला पडेल. मूनवर ०.९३ ला. मिनमसवर ०.५१ पुरे. ०.९३ मी/सें. म्हणजे तासाला साडेतीन किलोमीटरही नाही, बैल रमतगमत चालतो तेवढा वेग. गुरुत्वमध्य २ मीटरवर आणला तर मूनवरची मर्यादा दीड मी/सें. च्या जवळ जाते.

म्हणून टेकताना आडवा वेग ०.५ च्या आत, उभा २ च्या आत. आडवा मारायचा असा: नॅव्हबॉलवर रेट्रोग्रेडचं चिन्ह माथ्यापासून ज्या बाजूला सरकलंय त्याच बाजूला, चिन्हाच्या थोडं पलीकडे, नाक ५ ते १० अंश झुकवून थोडा थ्रॉटल द्या. चिन्ह माथ्याकडे सरकायला लागतं. माथ्यावर आलं की नाक सरळ.

थ्रॉटल हातात राहत नसेल तर इंजिन ताकदवान आहे. टेरिअर नावाचं इंजिन निर्वातात ६० किलोन्यूटन देतं. चार टनाच्या लँडरचं मूनवर वजन साडेसहा किलोन्यूटन. नऊपट जोर! तरंगायला जेमतेम ११ टक्के थ्रॉटल लागतो, शिफ्टला बोट लागलं की गेलंच वर. राइट क्लिक करून थ्रस्ट लिमिटर ३५ वर आणा, तेच तरंगणं मग ३१ टक्क्यांवर येतं आणि हात स्थिर राहतो. कक्षेत परत जाताना लिमिटर पुन्हा पूर्ण करा.

टेकल्यावर एक्स दाबून इंजिन बंद करा, एसएएस दहा सेकंद राहू द्या, मग बंद करून बघा. बंद करताच कलायला लागला तर तो पायांवर उभाच नव्हता, रिअ‍ॅक्शन व्हीलने धरून ठेवला होता. तसाच सोडला तर रात्री सोलर पॅनल थांबतात, बॅटरी संपते आणि लँडर पडतो. मूनचा एक फेरा साडेअडतीस तासांचा, त्यातली निम्मी रात्र; लहान बॅटरी तेवढा तग धरत नाही.

४. जागा

लोणारच्या सरोवरात काठावरून उतरताना आणि खाली पाण्याजवळ चालताना जमीन किती वेगळी लागते, ते आठवा. विवराची आतली भिंत उतरायची जागा नव्हे, तळ आहे. मूनवरही मोठ्या विवरांचे तळ धरा, कडा टाळा. उतरण्याची वेळ अशी निवडा की सूर्य कलता असेल. सावल्या लांब पडतात आणि चढउतार डोळ्यांना दिसतात. भर दुपारी सगळंच सपाट भासतं. खाली दिवे लावले असतील तर यानाची सावली आणि प्रकाशाचा गोल विकृत दिसतो का तेही पाहा.

अल्टिमीटरच्या बाजूचं चिन्ह दाबून उंची समुद्रसपाटीऐवजी जमिनीपासूनची करून घ्या. हा एक क्लिक न केल्याने कित्येक लँडर ३० मी/सें. ला आपटलेत.

सरावासाठी मिनमसची सपाटं सगळ्यात चांगली. तिथे उंची शून्याच्या आसपास दाखवते आणि जमीन खरोखर सपाट आहे. लँडर तिथेही पडला तर जागेला दोष देऊ नका, पुढे चला.

५. स्प्रिंग, डॅम्पर, घर्षण, ब्रेक

सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स सुरू करा, नाहीतर यातले बरेच काटे दिसतच नाहीत.

उडत असेल तर स्प्रिंग कमी आणि डॅम्पर जास्त. स्प्रिंग दाब साठवून परत फेकते, डॅम्पर तो जिरवतो. कमी गुरुत्वात साठलेला दाब यानाला सहज वर उचलतो. सगळ्या पायांना एकच आकडा द्या. एका पायाचा वेगळा राहिला तर यान तिकडे लंगडतं.

घर्षणाबद्दल उलटं शिकावं लागतं. लँडर घसरत असेल तर पायांचं घर्षण वाढवा, हे सरळ आहे. वळताना उलटणाऱ्या रोव्हरचं घर्षण मात्र कमी करायचं असतं. चाकं जमिनीला घट्ट धरतात म्हणूनच वरचा भाग बाहेर पडतो. चाकं थोडी घसरली तर गाडी उलटण्याऐवजी बाजूला सरकते. ट्रॅक्टर डांबरीवर ज्या वळणाला उलटेल, तिथेच चिखलात नुसता घसरेल. फ्रिक्शन कंट्रोल ऑटोवरून काढून ओव्हरराइड करा, ०.५ पासून सुरू करा आणि थोडंथोडं बदलत चला.

ब्रेक: पुढच्या चाकांचे बरेच कमी, मागच्यांचे जास्त. सगळे सारखे ठेवले तर ब्रेक दाबताच सगळा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागचं टोक उठतं.

स्टीअरिंग: चारही चाकं वळत असतील तर मागच्या चाकांचं बंद करा. चारही वळल्यावर वळण फार लहान होतं, आणि ते किती महागात पडतं ते या हिशेबावरून कळेल. गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंच, चाकांतलं आडवं अंतर २ मीटर, वेग १० मी/सें. उलटू नये म्हणून वळणाची त्रिज्या कर्बिनवर ८ मीटर पुरते. मूनवर ४९ मीटर. मिनमसवर १६३! वेग निम्मा, ५ मी/सें. केला की मूनवर १२ मीटर भागतात, कारण त्रिज्या वेगाच्या वर्गाने बदलते. वेग निम्मा करणं हा रोव्हरचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच कुणी करत नाही.

हवेत राहण्याचंही तसंच. १५ अंशाच्या उंचवट्यावरून १० मी/सें. ने उडाल्यास कर्बिनवर अर्ध्या सेकंदात खाली. मूनवर ३ सेकंदांहून जास्त. मिनमसवर तब्बल दहा सेकंद, आणि तेवढ्यात गाडी स्वतःभोवती निवांत फिरून पाठीवर पडते.

६. चाकं सरळ आहेत का, अडकली आहेत का?

चाकावर राइट क्लिक करा. स्थितीत "ब्लॉक्ड" आलं तर चाक दुसऱ्या भागात घुसलंय, आणि गेम त्याला फिरू देत नाही. ऑफसेट टूलने चाकं आत दाबून सुबक दिसणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं. चाक थोडं बाहेर काढा.

एका अंगाला ओढत असेल तर चाक कशावर बसवलंय ते बघा. गोल टाकीच्या पोटावर बसवलेलं चाक एखाद-दोन अंश तिरपं राहतं, आणि ते समोरून पाहिल्याशिवाय दिसत नाही. चाकं सपाट बाजूच्या गर्डरवर किंवा क्युबिक ऑक्टॅगोनल स्ट्रटवर बसवा, सी दाबून अँगल स्नॅप सुरू ठेवा, आर दाबून सिमेट्री मिरर करा. रोटेट टूलमध्ये एफ दाबून अ‍ॅब्सोल्यूट निवडलं की चाक जमिनीच्या हिशेबाने सरळ करता येतं. रोव्हर एसपीएचमध्ये (विमानं बांधायच्या हँगरमध्ये) बांधलेला बरा. तिथे मिरर आपोआप असतं.

७. गुरुत्वमध्य आणि पाय

इथून पुढे यान पुन्हा बांधायचं काम, म्हणजे वेळ जाणार. वरचं सगळं झाल्याशिवाय इकडे येऊ नका.

एडिटरमध्ये (यान बांधायच्या जागी) खाली डावीकडे गुरुत्वमध्याचं बटन आहे. पिवळा-काळा गोळा दिसतो. बहुतेक जण तो भरलेल्या टाक्यांनी बघतात आणि समाधान मानतात. उतरताना टाक्या भरलेल्या नसतात. एफएल-टी ४०० टाकी भरलेली २.२५ टन, रिकामी ०.२५ टन. म्हणजे खालून दोन टन निघून जातात आणि वरची कॅप्सूल होती तेवढीच राहते. गोळा वर सरकतो. तेव्हा प्रत्येक टाकीवर राइट क्लिक करून इंधनाचा काटा उतरतेवेळी उरेल तेवढ्यावर आणा, मग गोळा बघा. या एका कृतीने कोडं सुटतं, असं अनेकदा होतं. १.२५ मीटर व्यासाची टाकी पट्टीसारखी धरून उंची अंदाजे मोजता येते. पाहून झालं की टाक्या पुन्हा भरा, नाहीतर लाँचपॅडवरच फजिती.

आता पाय. लँडर पायाच्या दिशेने पडत नाही, दोन पायांच्या मधून पडतो. त्यामुळे मोजायचं अंतर केंद्रापासून पायापर्यंतचं नाही, तर दोन शेजारच्या पायांना जोडणाऱ्या रेघेपर्यंतचं. पाय केंद्रापासून २ मीटरवर असतील तर:

तीन पाय: रेघ १ मीटरवर
चार पाय: १.४१ मीटरवर
सहा पाय: १.७३ मीटरवर

गुरुत्वमध्य २ मीटर उंच असेल तर स्थिर उभा असताना हे लँडर अनुक्रमे २७, ३५ आणि ४१ अंशांच्या आसपासच्या कलाला पडतात. चार पाय ठेवून गुरुत्वमध्य ४ मीटरवर नेला तर १९ अंश. तिनाचे चार पाय केल्याने पदरात बरंच पडतं, चाराचे सहा केल्याने त्यामानाने थोडं. उंची निम्मी करण्याला मात्र तोड नाही. चंद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी चार पायांवरच उतरला. त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत चंद्रावर उतरलेला ओडिसियस उभट होता, आडव्या वेगाने टेकला, पाय मोडला आणि कलंडला. खेळातलं गणित खऱ्या चंद्रावरही तेच आहे.

उंची कमी करायचे मार्ग, सोप्यापासून: बॅटरी, मोनोप्रोपेलंट, विज्ञानाची उपकरणं खाली आणा. एका उभ्या एफएल-टी ४०० ऐवजी दोन एफएल-टी २०० बाजूंना लावा. इंधन तेवढंच, उंची कमी, आणि पाय त्या बाजूच्या टाक्यांवर लावल्यामुळे पायाही रुंदावतो. टाक्या डिकपलरवरून (भाग सुटा करणाऱ्या जोडावरून) लावल्या असतील तर क्रॉसफीड (त्यातून इंधन जाऊ देणं) सुरू आहे ना ते पाहा, नाहीतर इंजिन मधेच उपाशी. लांब स्विव्हल इंजिनाच्या जागी आखूड टेरिअर. तेही जास्त वाटलं तर मधलं इंजिन काढून बाजूंना लहान ट्विच इंजिनं लावा आणि पोट जमिनीला टेकेल इतकं खाली आणा.

एडिटरमध्ये पाय उघडून लँडर अगदी बाजूने बघा. इंजिनाचा नॉझल पायाच्या तळव्यापेक्षा वर हवा, तोही थोडी जागा सोडून, कारण टेकताना पाय दबतात. नॉझल आधी टेकला तर यान एका खुंटावर उभं राहिल्यासारखं डुलतं.

रोव्हरसाठी अंगठ्याचा नियम: चाकांतलं आडवं अंतर गुरुत्वमध्याच्या उंचीच्या किमान अडीचपट. सोलर पॅनल वर चालतात, हलके असतात. वर इंधनाची टाकी नको.

८. फिजिक्स आणि लॅपटॉप

रोव्हर चालवताना फिजिक्स वॉर्प (गाडी चालू असतानाच वेळ पळवणं) नको. चारपटीवर चाकं आणि जमीन यांचा मेळ राहत नाही. मिशनचं घड्याळ हिरव्याऐवजी पिवळं किंवा लाल दिसत असेल तर लॅपटॉप मागे पडतोय, कळ दाबल्याचा परिणाम उशिरा येतो आणि आपण जास्त वळवून बसतो. ग्राफिक्स कमी करा, यानाचे भाग कमी करा.

जवळ जाताच उडी मारणाऱ्या यानाचं ऑटोस्ट्रट (भाग आपोआप एकमेकांना बांधणारी सोय) तपासा. "हेविएस्ट पार्ट" असेल तर डॉकिंग-अनडॉकिंगनंतर सगळ्यात जड भाग बदलतो आणि ताण भलतीकडे जातो. "ग्रँडपेरंट" जास्त भरवशाचं. उभं करून जाताना ब्रेक लावा, एसएएस बंद करा, उतारावर सोडू नका.

कधी थांबायचं, कुणाला बोलवायचं

यान पडलंच असेल तर आधी पाय मिटून पुन्हा उघडा. जमिनीला रेटा मिळून लँडर उठू शकतो. त्याच वेळी रिअ‍ॅक्शन व्हीलने आधार द्या. दोन-चार प्रयत्नांत उठला नाही तर इंजिन पेटवून उठवायच्या भानगडीत पडू नका, उरलेलं यानही फुटतं. पाय किंवा चाक मोडलं असेल तर हे इंजिनिअर कर्बलचं (गेममधल्या अंतराळवीराचं) काम, पायलटचं नाही, आणि त्याच्याकडे रिपेअर किट हवं. दुसऱ्या यानाने इंजिनिअर पाठवा आणि २००-३०० मीटर दूर उतरवा, अंगावर नको. आवृत्ती १.११ पासून इंजिनिअर भाग काढून दुसरीकडे लावूही शकतो, म्हणजे पाय रुंद करून परत उभं करता येतं.

मिनमसच्या सपाटावर, एक मी/सें. च्या आत टेकूनही तेच यान पडत असेल तर त्या फाइलवर आणखी वेळ घालवू नका. नवीन फाइल उघडून खालून वर बांधा. साधा गेम नीट चालतो आणि मॉड लावल्यावरच उड्या मारतो, असं दिसलं तर मॉड एकेक करून काढा. मॉडशिवायही गेम बंद पडत असेल तर स्टीमवरून फाइल्सची तपासणी करून घ्या.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि घरात वेचणीचा कापूस साठवला असेल तर त्याची तूस पंख्याच्या जाळीत गच्च बसते. बाहेरची जाळी मऊ ब्रशने साफ करणं आपलं काम. गादीवर ठेवून खेळू नका. गेम चालू असताना लॅपटॉप आपोआप बंद होत असेल तर तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडून आतला पंखा आणि थर्मल पेस्ट करून घ्या. घरी उघडू नका. टचपॅड वर उचललं गेलंय किंवा खालचं झाकण फुगलंय, तर बॅटरी फुगली आहे: चार्जर काढा, चालू करू नका, दाबू नका, तसाच घेऊन जा. चार्जिंगला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर त्या प्लगवर काही लावू नका आणि वायरमनला बोलावून घरातलं अर्थिंग तपासून घ्या.